अर्धा टीव्ही

"टीव्ही बदलायचा न्हाई," तात्या म्हणाले. "अर्धा त्याचा हाय."

बोटाएवढी काळी कांडी हातात धरून मी सोप्यात उभी. रविवारची दुपार, सांगलीहून विट्यापर्यंत एसटीत उभ्यानं आलेली, सामना चार वाजता, आणि वडलांचं हे असं.

"बदला म्हणून कोण म्हणतंय, तात्या? ही कांडी टीव्हीच्या पाठीत खोचायची, इंटरनेट जोडायचं, की निशी खेळताना दिसणार. पण हिला खोचायला चपटं भोक लागतं. ते तुमच्या टीव्हीला नाही."

"मग पाड की भोक." जरा विचार करून त्यांनी टीव्हीच्या उजव्या अंगाला बोट लावलं. "हितं पाड. आपल्या अर्ध्यात."

हसावं का रडावं तेच कळेना. 'तो' म्हणजे माझे थोरले चुलते, मल्हारीआप्पा. ते वरच्या मजल्यावर राहायचे. तात्यांच्या खुर्चीच्या बरोब्बर डोक्यावर त्यांची खाट होती. ते कूस वळले की खाली कळायचं. आणि दोघा सख्ख्या भावांचं बोलणं बंद होऊन बावीस वर्षं झाली होती.

कशावरनं? तर माझ्या लग्नपत्रिकेवरनं. निमंत्रकांच्या यादीत मामा छापले, आत्याचे यजमान छापले, पुण्याचे लांबचे चुलते छापले, आणि थोरल्या सख्ख्या चुलत्याचंच नाव नाही. ज्यांनी माझ्यासाठी स्थळं बघत पायताणं झिजवली त्यांचं! आप्पा मांडवात आले, पत्रिका तात्यांसमोर धरून म्हणाले, "आजपास्नं तू मला मेलास आणि मी तुला," आणि अक्षता न टाकता निघून गेले. सगळ्या भावकीसमोर. मी मुंडावळ्या बांधून आत बसले होते, तरी शब्दन् शब्द ऐकू आला.

मग वाटणी. आम्ही कोष्टी माणसं, चार यंत्रमाग होते, ते दोन-दोन झाले. भांडी झाली. पाटा वर गेला, वरवंटा खाली राहिला. दोन्ही घरांत वाटणघाटण बंद. टीव्ही तेवढा वाटता आला नाही. शहाऐंशी साली दोघांनी मिळून घेतलेला, काळा-पांढरा, दोन सरकत्या दारांचा. टीव्ही खाली, त्याची अँटेना वर गच्चीत. तोडायचा कसा?

"टाकायचा तर त्याला इच्यारलं पायजे," तात्या म्हणायचे. "आणि इच्यारायचं तर बोललं पायजे." झालं. म्हणून टीव्ही बत्तीस वर्षं तिथंच.

पण खरं सांगू का, अबोल्याची पहिली काही वर्षं ते दोघं बोलायचे. वारा सुटला की चित्रात मुंग्या यायच्या. तात्या अंगणात येऊन वर तोंड करून ओरडायचे, "गेलं!" नाव नाही, गाव नाही. वर चपला वाजायच्या, गंजलेला खांब कुरकुरायचा.

"आलं का?"

"न्हाई!"

"आता?"

"आलं! ऱ्हाऊ दे तसंच!"

एवढंच. मी माहेरी आले की ऐकायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "देवानं रोज वारा द्यावा बाई. तेवढंच भाऊ भावाशी बोलतोय." मग केबल आली. चित्र लख्ख झालं आणि घर मुकं झालं. आई गेली तेव्हा आप्पा जिना उतरून आले, कोपऱ्यात उभे राहिले, डोळे पुसले आणि तसेच वर गेले. तात्यांनी मान वर केली नाही.

ह्या सगळ्यात निशी मात्र वर-खाली करायची. आप्पांची नात, सुहासची मुलगी. तिला कोण अडवणार? दोघे भाऊ तरुणपणी खो-खोत गाजलेले. आप्पांचे गुडघे गेले, म्हणून पहाटे पोरीला मैदानावर न्यायचं काम तात्यांकडं आलं. खांबाला वळसा कसा घ्यायचा, झेप कुठनं टाकायची, सगळं तात्यांनी शिकवलं. आणि आज सोळा वर्षांची ती पोर राष्ट्रीय अंतिम सामना खेळणार होती, लांब परराज्यात. सुहास आणि त्याची बायको तिकडंच गेलेले. सामना टीव्हीवर नव्हता, फक्त इंटरनेटवर.

फोनवर दिसला असता की. पण तात्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. फोनवर त्यांना मुंगी आणि माणूस सारखंच. आणि मला तरी कुठं नुसता सामना दाखवायचा होता? माझा डाव वेगळा होता. निशी त्या अर्ध्या-अर्ध्या टीव्हीवर दिसली, तर आप्पा खाली आल्याशिवाय राहायचे नाहीत. तात्या त्र्याहत्तरचे, आप्पा अठ्ठ्याहत्तरचे. आज नाही जमलं तर कधी? मला ते जमवायलाच हवं होतं, इतर कुणाहीपेक्षा मला. का, ते सांगते.

हुसेनभाई मुलाणींना फोन केला. बत्तीस वर्षं तो टीव्ही जिवंत ठेवणारा हाच माणूस. दोन डब्या आणि वायरींचं भेंडोळं घेऊन आले, चष्मा कपाळावर.

"वैजूताई, ही तुमची कांडी आजची पोर, आणि हा टीव्ही तिचा पणजोबा. थेट बोलायची नाहीत ती. मधी दुभाषे लागतात." एका डबीत त्यांनी कांडी खोचली. त्या डबीतून पिवळी-पांढरी-तांबडी वायर निघाली ती दुसऱ्या डबीत गेली. दुसरीतून निघालेली वायर टीव्हीच्या पाठीमागं, जिथं पूर्वी अँटेनाची वायर जायची तिथं. कांडीला वीज, दोन्ही डब्यांना वीज, टीव्हीला वीज. बोर्डावर बोर्ड. गच्चीवरून आलेली जुनी चपटी वायर केबल आल्यापासून खिळ्याला गुंडाळलेली होती. ती हुसेनभाईंनी बाजूला सारली.

"आता बटण फिरवा. हळू."

खरखर. खरखर. मग तात्या उठले आणि टीव्हीच्या डोक्यात डाव्या बाजूला एक टपली मारली. चित्र आलं!

"हे ह्या डब्यांत न्हाई," तात्या हुसेनभाईंना म्हणाले. "हे हातात लागतं."

"खरंय तात्या," हुसेनभाई म्हणाले आणि माझ्याकडं बघून डोळा बारीक करून निघाले.

इंटरनेट सुहासच्या वायफायचं. त्याची डबी वर, आप्पांच्या खोलीत. पासवर्ड त्यानं फोनवर सांगितला आणि म्हणाला, "ताई, आप्पा एकटेच आहेत वर. निकाल फोनवर सांगतो म्हणून बसवून आलोय. बघ काही जमतंय का."

चार वाजायच्या आत मी वर गेले. जिन्याच्या तोंडाशी पत्र्याचं दार. वाटणी झाली त्या आठवड्यात आप्पांनी बसवलेलं. कडी वाजवली.

"आप्पा, खाली निशी दिसणार आहे टीव्हीवर. चला."

"बोलवायला तो आलाय का?"

"मी आले की."

"तू न्हवं."

"अर्धा टीव्ही तुमचा आहे आप्पा. हक्कानं या."

"मग अर्धा वर पाठवून दे," आप्पा म्हणाले, आणि खाटेवर तोंड फिरवून बसले. "जाताना दार लाव. धूळ येतीया."

कुणाचा कोण भाऊ, ओळखायला दाखला नको. मी दार लावलं आणि तणतणत खाली आले.

सामना सुरू झाला. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही संघांचे कपडे करडेच दिसत होते; कोण आपलं, कोण परकं, काही कळेना. तात्यांना मात्र लगेच कळलं. "ती बघ, पाठीत वाकून बसलीया ती. किती सांगितलं, ताठ बस, ताठ बस! ऐकती का?" चित्र मधूनच अडखळायचं, परत चालायचं. वर खाट कुरकुरली की तात्या क्षणभर छताकडं बघायचे आणि आवाज थोडा वाढवायचे. ऐकू कमी येतंय, असं मला सांगायचे. चांगलं ऐकू यायचं त्यांना.

शेवटचा डाव आला. आपल्या मुली बचावाला. निशीच्या तुकडीची पाळी, घड्याळात दोन-अडीच मिनिटं, गुण बरोबरीत. निशी मैदानात उतरली, खांबाकडं पळाली, आणि पडद्यावर थिजली. एक पाय हवेत. वर ते पांढरं चक्र गरगर फिरायला लागलं.

मी कांडी हलवली. फोन बघितला. वायफायची रेघ एकच.

"तात्या, थांबा, हे इंटरनेट..."

तात्या खुर्चीत नव्हतेच. अंगणात जाऊन, हौदाच्या कडेला हात टेकून, मान वर करून ते बेंबीच्या देठापासून ओरडले,

"गेलं!"

रविवार होता, माग बंद होते. अख्ख्या आळीत तो आवाज घुमला. वर काहीच नाही. तात्यांना स्वतःलाच काय बोललो ते उमगलं असावं, कारण ते खाली बघायला लागले. आणि मग वर पत्र्याच्या दाराची कडी खाडकन उघडली. चपला गच्चीच्या शिडीवर वाजल्या. एक-एक पायरी, दमानं, गुडघे धरत. मग तो खांब कुरकुरला.

"आलं का?"

आवाज म्हातारा झाला होता. शब्द तेच.

मी दारात येऊन उभी राहिले. मीच डोळ्यांनी खुणावलं. "न्हाई!" ते कसेबसे म्हणाले.

परत कुरकुर. "आता?"

मी आत बघितलं. चक्र थांबलं. निशी खांबाला वळसा घालून सुसाट निघाली होती.

"आलं!" तात्या ओरडले. "आलं दादा! ऱ्हाऊ दे तसंच!"

'दादा' हा शब्द मी त्यांच्या तोंडून लग्नाआधी ऐकला होता, त्यानंतर तेव्हाच. मला तर रडूच यायला लागलं. पण वरून आप्पा म्हणतात कसे, "मी धरून हुबा ऱ्हातो. सोडलं तर जाईल परत."

"धरून काय हुबा ऱ्हातोस! पोरगी खेळतीया तुझी! खाली ये!"

"मग खांब?"

"वैजी धरंल!"

मी तोंड उघडलं. खिळ्याला गुंडाळलेली ती वायर मला खिडकीतून दिसत होती. सांगणार होते की अहो, तो खांब कशालाच जोडलेला नाही! पण वरचं माणूस शिडी उतरायला लागलं होतं. कोण सांगणार? मी पदर खोचला आणि पळाले.

जिन्यात आप्पा आणि मी समोरासमोर आलो. "घट्ट धर," ते म्हणाले. "जरा उगवतीकडं ठेव." पत्र्याचं दार सताड उघडं होतं. आत वायफायची डबी लुकलुकत होती, सरळ जिन्याच्या रोखानं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आप्पांनी दार उघडलं म्हणून रेंज खालपर्यंत पोचली होती. मी दाराला एक वीट लावली आणि गच्चीत गेले.

तर असा तो निशीचा अंतिम सामना. सांगलीहून त्यासाठी आलेली मी, उन्हात, तापलेला गंजका खांब दोन्ही हातांनी धरून उभी. काही दिसत नव्हतं. खालून नुसते दोन आवाज येत होते.

"डावीकडनं आली बघ ती!"

"वळली! वळली की रं!"

"हाण्ण तिच्या! झेप बघितलीस का, निवृत्त्या? ही तुझी झेप हाय!"

"मग कुणाची असंल?" हे तात्या.

शेजारच्या गच्चीवर वाळवणाला बसलेली बाई मला विचारत होती, "काय गं वैजू, काय करतीयास?" काय सांगणार? खांब धरलाय म्हणाले. शिक्षा भोगतेय असं म्हणाले असते तरी चाललं असतं.

कारण पत्रिकेचा तो कागद मी लिहिला होता. तात्यांनी नावं फाटक्या पाकिटावर खरडून दिली होती, आप्पांचं सगळ्यांत वर. अक्षर चांगलं म्हणून छापखान्यासाठी सुवाच्य नक्कल करायला मला बसवलं. लग्नाची पोरगी मी, ध्यान कुठं, हात कुठं. पहिली ओळ गळली. छापून आल्यावरही कुणी नीट वाचली नाही. गठ्ठे सुटले, वाटून झाले. आप्पा मांडवातून गेल्यावर तात्या आत आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "कुणी लिहिलं ते मरेस्तोवर बोलायचं न्हाई. माझ्या गळ्याची शपथ हाय." पुढं बावीस वर्षं सगळी भावकी त्यांना म्हणत राहिली, थोरल्याला विसरला, मातला. त्यांनी एकदाही माझं नाव घेतलं नाही. आणि मी? शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवत राहिले.

खाली एकदम आरडाओरडा झाला. मग शांत. मग भांडण. मी घाबरून खांब सोडला आणि धावत खाली आले.

"पाय आत होता तिचा! पंच आंधळा हाय!" तात्या लालेलाल झालेले.

"भाईर होता. मी बघितला."

"नातीला बाद देतोस? आज्जा हायस का कोण हायस?"

"रेघंच्या भाईर ती भाईर. मग नात असो न्हाईतर आज्जी."

शेवटच्या सेकंदाला निशी बाद दिली गेली होती. त्या एका गुणानं सामना गेला. आणि ते दोघे एका बाकड्यावर मांडीला मांडी लावून, रेघ कुठं आणि पाय कुठं, यावर हमरीतुमरीवर आले होते. इतकं गोड भांडण मी आयुष्यात ऐकलं नाही. मी चहा टाकला. दोघांना कप दिले. आप्पांनी चहा बशीत ओतला, तेव्हा मला राहवलं नाही.

"आप्पा, पत्रिकेचा कागद मी लिहिला होता."

"वैजे!" तात्या ओरडले.

"असू द्या तात्या, मोडली शपथ. तात्यांनी तुमचं नाव पहिलं लिहिलं होतं आप्पा. माझ्याकडनं राहिलं."

आप्पांनी बशी फुंकली. एक घोट घेतला.

"ठाव हाय," ते म्हणाले. "लगीन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेलो हुतो. कागद बघितला. तुझं अक्षर मला वळखू येत न्हाई व्हय? पयली पाटी मीच आणलीया तुला."

"मग?" माझा आवाज चिरकला. "मग बोलला का नाहीत?"

"सगळ्यांम्होरं मेलास म्हणून बसलो हुतो. थुकलेलं गिळायचं कसं? आणि ह्यानं यावं, सांगावं, पोरीची चूक झाली म्हणून. मी वाट बघत बसलो."

"मी कसा सांगू?" तात्या बाकड्याच्या काठाकडं बघत म्हणाले. "नुकती सासरी गेलेली ती. चुलत्याचा मान घालवला म्हणून लोकांनी तिला जलमभर टोचलं असतं."

"ते बी ठाव हाय," आप्पा म्हणाले. "म्हणून तर मी बी कुणाला सांगितलं न्हाई."

माझ्यापायी, माझ्याचसाठी, दोघं म्हातारे एका छताच्या वर आणि खाली बावीस वर्षं तोंड मिटून बसले होते. मी चुलीपाशी जाऊन हुंदके देऊन रडले. मागून तात्यांचा आवाज आला, "पण पाय आतच हुता, दादा."

त्यानंतर आप्पा रोज संध्याकाळी खाली यायला लागले. कांडीतून जुने सामने लावायचे, पंचांना शिव्या द्यायच्या. वीट लावलेलं दार पुन्हा कधी कुणी लावलं नाही. तरी एखाद्या वेळी चित्र थिजायचंच. मग तात्या अंगणात, आप्पा गच्चीत. मी आले असले तर खांबाला मी. एकदा सुहास हळूच म्हणाला, "ताई, सांगूया का त्यांना, की तो खांब..." मी म्हटलं, "सांग की तू." त्यानंही सांगितलं नाही.

आप्पा तीन वर्षांनी गेले. झोपेतच. टीव्हीचा त्यांचा अर्धा सुहासनं तात्यांना देऊन टाकला, तर तात्या म्हणाले, "त्याचा त्याच्याकडंच ऱ्हाऊ दे."

गेल्या दिवाळीत मी माहेरी गेले होते. निशी आता मोठ्या संघात खेळते. तिचाच सामना चालू होता आणि ऐन वेळी पडदा थिजला, चक्र फिरायला लागलं. तात्या सवयीनं उठले. काठी टेकत अंगणात गेले, हौदाला हात लावला, मान वर केली, तोंड उघडलं. आणि तसेच उभे राहिले. आवाज आलाच नाही.

मी उठले. जिना चढले, शिडी चढले. खांब अजून तिथंच, जास्तच गंजलेला. दोन्ही हातांनी धरला आणि उगवतीकडं फिरवला. कुरकुरला.

"आलं का?" मी ओरडले.

खालून तात्यांचा आवाज आला, चांगला मोठ्यानं, पूर्वीसारखा.

"आलं! ऱ्हाऊ दे तसंच!"

मी खाली आले. पडद्यावर चक्र तसंच गरगरत होतं. तात्या बाकड्यावर एका कडेला सरकून, शेजारी एका माणसाची जागा ठेवून, त्या चक्राकडं बघत बसले होते.